परीक्षा ॲपची, बाईची नव्हे
(महासंघाच्या मासिक सभेतील भाषण)



मी परळहून आले. गिरणीत कामाला आलेली कोकणातली, घाटावरची माणसं आमच्या चाळींत राहिली, म्हणून तुमचं-आमचं नातं जुनं. आजही गावाकडची माणसं उपचाराला केईएमला येतात. तिथं एचआयव्हीच्या औषधांचं एआरटी केंद्र आहे. ही औषधं सरकारनं १ एप्रिल २००४ पासून मोफत सुरू केली. सुरुवातीच्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे.जे. होतं. गोळी रोज घ्यावी लागते. वारंवार खाडे झाले की विषाणू औषधाला दाद देत नाही.

म्हणून गोळीची, तपासणीच्या तारखेची आठवण करणारी मोबाईल ॲप निघाली. पण ॲप बनवणाऱ्याला आपलं घर कुठं माहीत? त्यासाठी आधी वापरून बघण्याची चाचणी घेतात. पाच-सहा जणींना एकेकटीला बसवायचं, तेही त्यांची मर्जी असेल तर. “पुढची तारीख शोधून दाखवा,” एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं. बोट कुठं अडतं, कुठला शब्द कळत नाही, ते लिहून घ्यायचं. शिकवायचं नाही. बाई अडली तर चूक ॲपची, बाईची नाही.

पण ऑफिसात चाललेलं ॲप घरात चालेलच असं नाही. खोली एक, फोन एक, माणसं पाच. समजा, रात्री नऊला “एचआयव्हीची गोळी घ्या” असं झळकलं, आणि फोन दिराच्या हातात असला तर? ती बाई ॲप काढून टाकील. भीतीनं गोळीही सोडील. तेच “तुळशीला पाणी घाला” असं तिनं स्वतः निवडलेलं वाक्य आलं, तर कुणाला काय कळणार?

तेव्हा उद्या गटात कुणी आरोग्याचं ॲप आणलं, तर लाजू नका, विचारा: मराठीत आहे का? वाचता येत नसेल तर बोलून सांगतं का? रेंज नसताना चालतं का? माझी माहिती कुणाकुणाला दिसते?

हा शेवटचा प्रश्न आगाऊपणा नाही, हक्क आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. आणि ॲप नको असेल, तर साध्या फोनवरून १०९७ लावा. हेल्पलाइन मोफत आहे.

“मला कळत नाही” म्हणायला आपण लाजतो. चाचणीत तेच मोठ्यानं बोला. तुम्ही बोललात, तर पुढची बाई अडणार नाही.