सोनपरी, चंद्रावरचा ससा आणि आपल्या मुली

 

गटाची बैठक संपली, वह्या-पासबुकं मिटली की घरच्या गोष्टी निघतात. हल्ली त्यात एक तक्रार हटकून असते. "पोरगी मोबाइलवर कार्टून बघत बसती. तेबी जपानी. दहावीला आली तरी!" एका घरात तर गोष्ट फोन काढून घेण्यापर्यंत आणि तिथून "आता हिच्या लग्नाचंच बघा" इथपर्यंत गेली. मुलगी अजून सोळाचीही नाही. कार्टूनवरून लग्नापर्यंत उडी कशी गेली, हे आम्हालाही आधी कळेना. म्हणून आज यावर बोलायचं ठरवलं.

पण आधी आमच्या पिढीचं सांगतो. २००० साली स्टार प्लसवर 'सोनपरी' सुरू झाली आणि २००४ पर्यंत चालली. आज पस्तिशीच्या आसपास असलेल्या आम्हा सगळ्यांना ती पाठ आहे. फ्रूटी नावाची आईविना मुलगी. तिच्याकडे एक जादूचा गोळा. तो घासला की सोनपरी येणार, सोबत धांदरट अल्टू. सोनपरीचं काम केलं होतं आपल्या मृणाल कुलकर्णींनी, म्हणजे गो. नी. दांडेकरांच्या नातीनं. त्याआधी 'स्वामी' मालिकेत त्या रमाबाई झाल्या होत्या आणि पुढं त्यांनीच जिजाबाई साकारल्या. परी हिंदीत बोलायची, पण आम्हाला ती आपल्याकडचीच वाटायची.

गावात केबल असलेली घरं मोजकी. त्यांच्या सोप्यात आम्ही पोरी दाटीवाटीनं बसायचो. नेमकं भारनियमन आलं की तो भाग गेलाच. मग ज्यांनी कुठं पाहिला असेल त्यांच्याकडून दुसऱ्या दिवशी शाळेत ऐकायचा. सांगणारी अर्धं स्वतःच्या पदरचं घालायची, हे नंतर कळलं. पण तेच जास्त छान असायचं.

त्याच काळात २००३ चा दुष्काळ होता. जनावरं छावणीला, आई रोजगार हमीच्या कामावर, नाहीतर ऊसतोडीला. घरात धाकट्यांना सांभाळायला आम्हीच. तेव्हा आम्ही एक खेळ खेळायचो. गोळा मिळाला तर काय मागशील? मालिकेतली मुलं काय काय मागायची. आमच्यातली एक म्हणायची, टँकर लवकर येऊ दे. दुसरी म्हणायची, आई संध्याकाळी घरी असू दे. मोठ्यांना तो पोरखेळ वाटायचा. पण मुलीला काय कमी पडतंय, हे त्या खेळातून ऐकू येत होतं. विचारलं मात्र कुणी नाही.

एक गोष्ट तेव्हाही टोचायची. सोनेरी परी चांगली आणि काळी परी दुष्ट. दिवसभर उन्हात राबणाऱ्या आईबापांच्या आम्ही सावळ्या पोरी, खेळात काळी परी कुणी व्हायचं यावरून भांडायचो. शेवटी ज्या मुलीचा रंग सगळ्यांत गडद तिलाच ते काम मिळायचं, आणि ती घरी जाऊन हळद-दूध चोळायची. ज्या मुलखातून वारी सावळ्या विठोबाला भेटायला जाते, त्या मुलखात हे! मालिका आम्हाला आवडायची, आजही आवडते, पण ही खोट आम्ही झाकणार नाही.

आता जपानचं. तिथं जादूच्या मुलींच्या मालिकांचा एक वेगळा प्रकारच आहे. १९६६ साली सॅली नावाच्या छोट्या जादूगारणीची मालिका आली, तिथपासून हे चालू आहे. सगळ्यांत गाजली ती 'सेलर मून'. नाओको ताकेउची या बाईंनी ती चित्रकथा म्हणून काढली आणि मार्च १९९२ पासून टीव्हीवर तिचे दोनशे भाग झाले. २००४ पासून 'प्रीक्युअर' नावाची दुसरी मालिका बहुतेक दरवर्षी नव्या मुली घेऊन येते, ती अजून सुरू आहे.

सेलर मूनमधली मुलगी चौदा वर्षांची. रडकी, झोपाळू, शाळेत रोज उशीर, परीक्षेत कमी मार्क. म्हणजे आपल्या घरात असते तशीच. तिचं नाव उसागी त्सुकिनो, त्याचा अर्थ चंद्रावरचा ससा. ऐकलंत? आपण पौर्णिमेला मुलांना जो ससा दाखवतो, ज्याच्यावरून चंद्राला शशांक म्हणतात, तोच ससा जपानी आयाही दाखवतात. तिच्या मैत्रिणींची नावं ग्रहांवरून: बुध, मंगळ, गुरू, शुक्र. आपले वारच की. त्यातली मंगळाची मुलगी आगीनं लढते आणि तिच्यावाचून कुणाचं चालत नाही. आपल्याकडं पत्रिकेत मंगळ निघाला की मुलीच्या घरी सुतक पडल्यासारखं होतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

सोनपरीत फ्रूटी परीला हाक मारायची आणि परी येऊन सोडवायची. इथं हाक मारायला कुणी नाही. रडकी मुलगीच उठते, भीत भीत लढते, आणि एकटी पडली की मैत्रिणी येतात. आपल्या मुलींना यात काय दिसत असेल, याचा अंदाज गटात बसणाऱ्या बाईला यायला हरकत नाही.

त्या लग्नाच्या घराचं सांगायचं राहिलं. गटानं त्या ताईंना एवढंच सुचवलं की दोन संध्याकाळी स्वयंपाक उरकल्यावर लेकीशेजारी बसून बघा, बोलू नका. पहिल्या दिवशी त्यांना झोप आली. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "ही पोरगी एवढी भिते, तरी का जाती गं?" आणि लेक बोलायला लागली. हायस्कूलच्या वाटेवर, एसटी थांब्याच्या पुढं, चार पोरं रोज आडवी उभी राहतात. तीन महिने ती एकटीनं सोसत होती. घरी सांगितलं तर शाळा बंद करतील, म्हणून गप्प होती. घरात लग्नाचा विषय का निघाला, तेही मग उलगडलं. वडिलांच्या कानावर काहीतरी अर्धवट आलं होतं.

आता त्या वाटेच्या चार मुली एकत्र जातात. पहिले पंधरा दिवस गटातल्या दोघी-दोघी पाळीनं थांब्यापर्यंत गेल्या. मुख्याध्यापकांना भेटून झालं. मुलगी दहावीचा अभ्यास करते आहे. फोनवर दिवसाला अर्धा तास ठरला आहे, परीक्षेच्या महिन्यात तोही नाही. ते तिनंच कबूल केलं. रात्र-रात्र बघणं वाईटच, डोळे जातात आणि रिचार्जही जातो, याबद्दल आमचं दुमत नाही.

मागच्या महिन्यापासून आम्ही बैठकीच्या शेवटी पंधरा मिनिटं मुलींना दिली आहेत. काय बघता ते सांगा, एवढंच. परवा एकीनं सांगितलं की जपानी ससा चंद्रावर नुसता बसत नाही, तो उखळात मुसळानं भात कुटून त्याचे गोळे करतो. आमच्या गटातल्या सत्तरीच्या आजी लगेच म्हणाल्या, "आगं बया, मग तिथंबी सुटका न्हाई म्हणायची!" आणि कर्जाचे हप्ते मोजायचे तसेच राहिले.