पान कोणी उलटायचं?



पत्रिकेत माझा विषय ‘बालवाचन आणि मेंदूचा विकास’ असा छापलाय. मेंदूचं डॉक्टरांना विचारा. मी बालवाडीची बाई. बालशिक्षणाचा पाया घालणारे ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका, ताराबाईंचं बोर्डी-कोसबाडचं काम हे या सभागृहाला पाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही.

माझं म्हणणं एकच. लहान मुलाला वाचून दाखवताना मोठ्यांनी कमी बोलावं. (हशा) हसा! तासभर बोलायला बोलावलेली बाई हे सांगतेय.

१९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांचे दोन गट पाहिले. पुस्तकं दोन्हीकडे वाचली जात होती. एका गटातल्या पालकांना फक्त रीत शिकवली होती. ‘हो-नाही’वर संपेल असं विचारू नका, ‘हा काय करतोय?’ विचारा. मूल ‘भूभू’ म्हणालं, की ‘हो, काळा भूभू पळतोय’ असं वाढवून परत द्या. महिन्याभरात ही मुलं बोलण्याच्या चाचणीत दुसऱ्या गटाच्या कित्येक महिने पुढे होती. नऊ महिन्यांनी अंतर कमी झालेलं दिसलं, पण पुसलं नव्हतं.

पहिल्या रांगेतले काका मान हलवताहेत. ‘आमच्या लहानपणी कुठली आलीत पुस्तकं?’ नव्हती, कबूल. पण आजी होती ना? आणि तिला हुंकार लागायचा. हुंकार थांबला, की गोष्ट थांबली. काऊ चिऊच्या दारात आला, की आतून उत्तर द्यायला सगळी पोरं तयार. पुस्तकं हातात आली आणि आपण पोरांना गप्प बसवून तात्पर्य विचारायला लागलो.

एसटीतला एक किस्सा सांगते, दोन मिनिटांत. शेजारी एक बाप, मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी आणि एक मळकं पुस्तक. बाजाराचं चित्र. कोपऱ्यात टोपलीआड मांजर. मुलगी पान सोडेना. ‘ही का लपली?’ ‘पुढे बघू.’ ‘नाही, का लपली?’ मागच्या बाकावरच्या मावशी म्हणाल्या, दूध सांडलं असेल. कंडक्टर म्हणाला, तिकीट काढलं नसेल. (हशा) तिनं दोघांनाही उडवून लावलं. टोपलीत पिल्लं आहेत, म्हणाली. किती, कुठल्या रंगाची, त्यांना बाजारात का आणलं, कोणाला सर्दी झालीय... घाट उतरलो तरी पान तेच! बापानं वाचायचं कधीच सोडून दिलं होतं. तो नुसता ‘मग?’ म्हणत होता. मला विचाराल तर त्या दिवशी सगळ्यात चांगलं वाचन त्यानंच केलं.

घंटा? इतक्यात? अहो, ‘तेच पुस्तक पुन्हा’ हा मुद्दा राहिलाच की. बरं, एका दमात. ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट यांनी सहकाऱ्यांबरोबर २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर प्रयोग प्रसिद्ध केला. नवे शब्द दोन्ही गटांना तितक्याच वेळा ऐकवले. एका गटाला त्याच त्या गोष्टीतून, दुसऱ्याला वेगवेगळ्या गोष्टींतून. शब्द जास्त शिकली ती तीच गोष्ट ऐकणारी. तेव्हा ‘कालच वाचलं ना!’ म्हणून डाफरू नका.

एक चिठ्ठी आलीय. ‘नातू शेवटचं पान आधी उघडतो, मधली चार एकदम उलटतो. वळण कसं लावू?’ वय किती? दीड वर्ष! आजी, त्याला जाड पुठ्ठ्याच्या पानांचं पुस्तक द्या आणि तो थांबेल त्या पानावर तुम्ही थांबा. वळणाचं मग बघू. अध्यक्ष उभे राहिलेत. बसते मी.