औषधाच्या चिठ्ठीमागचे हात

(सावेडी येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका फॅमिली डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रतिजैविके, म्हणजे ज्यांना आपण सर्रास अँटिबायोटिक म्हणतो ती औषधे, कशी घ्यावीत हे आपण पुष्कळदा ऐकले असेल. मी आज दुसऱ्या बाजूने बोलणार आहे. ही औषधे लिहिताना डॉक्टरचा हात कशाने पुढे होतो आणि कशाने आवरतो, ते मला सांगावयाचे आहे. गेली सव्वीस वर्षे मी या उपनगरात दवाखाना चालवीत आहे. तेव्हा बोलण्यात थोडा कबुलीजबाबही येईल.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. या औषधांशी माझे वैर नाही. आपल्या राज्यात पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हापासून या औषधांनी किती घरे सावरली याची गणती नाही. गडचिरोलीचे उदाहरण घ्या. १९८८ च्या सुमारास डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तेथील खेड्यांत बालकांच्या न्यूमोनियावर काम सुरू केले. गावातील आरोग्यसेवक आणि सुइणी यांना बाळाचे श्वास मोजावयास शिकविण्यात आले. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधे साधन करण्यात आले. श्वास मर्यादेपलीकडे गेला तर को-ट्रायमॉक्साझोल द्यावयाचे, नाही तर द्यावयाचे नाही. ज्या गावांत हे काम झाले तेथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी राहिले. १९९० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ही हकीकत प्रसिद्ध झाली.

या हकीकतीतील 'नाही तर द्यावयाचे नाही' हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. त्या सुइणीला नकार देण्यासाठी आधार होता. मणी सांगत होते. पदवी घेतलेल्या माझ्यासारख्याला सर्दी-पडशाच्या मुलापुढे तो आधार का सापडत नाही? सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविक जिवाणूंवर चालते, हे मला ठाऊक नाही असे थोडेच आहे!

सायंकाळची वेळ घ्या. बाकावर नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून आलेले कामगार असतात, पाइपलाइन रस्त्यावरच्या गृहिणी असतात, देहऱ्याकडून शेवटच्या गाडीची चिंता करीत आलेला शेतकरी असतो. एका रुग्णाला पाच मिनिटेही मिळत नाहीत. घसा लाल आहे; तो विषाणूंनी की जिवाणूंनी, हे डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. थुंकी-लघवीच्या जिवाणू तपासणीचा अहवाल यावयास दोन-तीन दिवस लागतात आणि तिचा खर्च बहुधा गोळ्यांहून अधिक असतो. रोजंदारीवाल्याला उद्या खाडा परवडत नाही. 'दोन दिवसांनी पुन्हा दाखवा' हा सल्ला पुस्तकात सोपा आहे. देहऱ्याच्या माणसाला तो भाड्याचा आणि मजुरीचा हिशेब असतो. औषध न देता पाठविलेला रुग्ण बिघडला तर बोल डॉक्टरला लागतो. विनाकारण दिलेल्या गोळ्यांबद्दल आजवर कोणी मला जाब विचारलेला नाही. या एकतर्फी भीतीपोटी चिठ्ठीवर एक ओळ वाढते.

दुसरी गोष्ट पोटाची. 'तिकडे गुण आला नाही' म्हणून रुग्ण शेजारच्या दवाखान्यात जातो, हे प्रत्येक डॉक्टर जाणतो. सर्दी आठवड्याभरात आपोआप ओसरते आणि श्रेय शेवटच्या गोळीला मिळते. शिवाय औषध कंपन्यांचे प्रतिनिधी नव्या, अधिक 'पॉवर'च्या गोळीचे गुण ऐकवून जातात. भेटवस्तूंना मनाई करणारी संहिता केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये जारी केली आहे. पण बाकावर ताटकळणाऱ्या रुग्णांमधून वाट काढीत येणारा तो हसतमुख तरुण हाच पुष्कळ डॉक्टरांचा नव्या माहितीचा मुख्य स्रोत आहे, हे खरे दुखणे आहे.

आणि रुग्णाची अपेक्षा? येथे माझी चूक सांगतो. एका शनिवारी एक आई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. ताप, नाक वाहते, खोकला. तिने तोंड उघडण्यापूर्वीच 'हिला जोरदार औषध हवे असणार' असे मी मनाशी ठरविले आणि प्रतिजैविक लिहिले. उठता उठता ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, छाती साफ आहे ना? मला तेवढंच पाहायचं होतं." मला खरोखर लाज वाटली. ती मागावयास आली होती धीर आणि मी दिली गोळी. डॉक्टर रुग्णाच्या अपेक्षेचा अंदाज फुगवून बांधतात, असे अन्य देशांतील अभ्यासांतही दिसून आले आहे. मागणी पुष्कळदा आमच्याच मनात असते.

याची किंमत काय? लघवीच्या जंतुसंसर्गावर पूर्वी हमखास लागू पडणाऱ्या गोळ्या आता कित्येक रुग्णांत निष्प्रभ ठरतात आणि साध्या दुखण्यासाठी शिरेतून इंजेक्शने द्यावयास रुग्णालयात पाठवावे लागते. अशा दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ साली जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे. कायदा नाही असे नाही. १ मार्च २०१४ पासून 'एच-१' अनुसूचीतील औषधांची विक्री नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपणे दुकानदारास बंधनकारक आहे. परंतु जुनी चिठ्ठी दाखवून, किंवा तीही न दाखविता, 'मेडिकल'मधून चार गोळ्या आणणारे आपल्या ओळखीचे नाहीत काय?

आपणाकडेही काही हात आहेत. 'औषध चालू केल्याशिवाय शाळेत पाठवू नका' असा निरोप शिक्षक पाठवितात, तेव्हा माझ्या चिठ्ठीवर तो निरोपच लिहिला जातो. दोन दिवसांच्या रजेसाठी कार्यालय दाखला मागते आणि दाखल्याबरोबर औषधे लिहिलेली बरी दिसतात. ग्रामसभेत प्राथमिक आरोग्य केंद्राविषयी बोलताना 'तिथे साध्या गोळ्या देतात' ही तक्रार मी स्वतः ऐकली आहे. साधी गोळी हा दोष कधीपासून झाला?

मी दवाखान्याच्या भिंतीवर एक तक्ता लावला आहे: घसादुखी सुमारे एक आठवडा, सर्दी दहा दिवस, खोकला तीन आठवड्यांपर्यंत. त्याखाली लाल अक्षरांत लिहिले आहे, की छाती आत ओढली जात असेल, मूल पीत नसेल वा गुंगीत असेल तर तत्काळ या. शेजारी श्वासांची मर्यादाही आहे: दोन महिन्यांखालील बाळाला मिनिटाला साठ, वर्षापर्यंत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस. आकडा तेथवर गेला तर थांबू नका. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावयास मी आयांना शिकवितो. नकार देताना मला जो आधार हवा होता, तो आता त्यांच्याही हाती असतो.

ती शनिवारची आई परवा पुन्हा आली होती, त्याच मुलाला घेऊन. बसण्यापूर्वीच तिने आकडा सांगितला, "बत्तीस." मी छाती तपासली, स्वतः एकदा मोजले आणि चिठ्ठीवर तापाचे औषध तेवढे लिहिले.