शाळा सुटण्याच्या वेळी



शाळा सुटायच्या आधी फाटकासमोर व्हॅन, रिक्षा, मोटारी येऊन थांबतात. कितीतरी जणांची इंजिनं चालूच असतात. कुणाला एसी हवा असतो, कुणाला वाटतं, आता निघायचंच आहे. मुलं बाहेर येतात ती थेट त्या धुरात. पहिली-दुसरीतल्या मुलाचं नाक मोठ्यांच्या नाकापेक्षा सायलेन्सरच्या जास्त जवळ असतं. शिवाय वजनाच्या मानाने मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात.

काळा धूर दिसला की आपण नाकाला रुमाल लावतो. पण खरं खोलवर जातं ते न दिसणारं. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाहून बारीक असे धुरातले कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. अतिसूक्ष्म असतील ते रक्तातही उतरतात. पेट्रोलच्या गाड्यांतून बेन्झीन बाहेर पडतं. त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. डिझेलच्या धुराने फुप्फुसाचा कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला. आणि आपली पीयूसी, म्हणजे गाडीच्या धुराची तपासणी? तिच्यात पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेल गाडीच्या धुराची दाटी पाहतात. हे बारीक कण तिथे मोजलेच जात नाहीत.

लंडनमध्ये साउथ सर्क्युलर या वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी एला किसी-डेब्रा दम्याने २०१३ मध्ये गेली, अवघ्या नवव्या वर्षी. तिच्या आईने चिकाटीने लढा दिला. २०२० मध्ये न्यायिक चौकशीत तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद झाली.

दक्षिण कॅलिफोर्नियात हजारो शाळकरी मुलांची फुप्फुसं वर्षानुवर्षं तपासली गेली. महामार्गापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या फुप्फुसांची वाढ दूरच्या मुलांपेक्षा कमी भरली. अशी खुंटलेली वाढ पुढे सहसा भरून येत नाही. मात्र तिथली हवा सुधारत गेली, तशी नंतरच्या मुलांची फुप्फुसं अधिक चांगली वाढली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण हवा सुधारली की गुण येतो, हे मुलांच्या छातीत मोजून पाहिलेलं आहे.

म्हणून येत्या पालकसभेत हा विषय काढा. फाटकापाशी गाडी थांबली की इंजिन बंद, एवढंच ठरवा. व्हॅनवाल्या काकांशीही बोला. त्यांचा तर सगळा दिवस याच धुरात जातो.