घंटा टांगताना



भंडारा ही पितळेची नगरी. इथल्या घरोघरी पितळेचे हंडे-गुंड नांदले. पण पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. देवळातील घंटेला कांसे हवे. त्यात तांब्याचे सुमारे ४ भाग, तर कथलाचा १. कथलामुळे नाद लांबवर घुमतो. मात्र धातू ठिसूळ होतो. घंटा पडून तडकली की बद्द वाजते.

इ. स. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई सर केली. तिथल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा पुढे भीमाशंकर, मेणवली अशा ठिकाणी टांगल्या गेल्या. त्या टिकल्या, कारण आधार भक्कम होता.

दगड दाबाला खंबीर, ताणाला दुबळा. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ देवालयात मंडपाच्या कोपऱ्याला अखंड दगडातून कोरलेली साखळी लोंबते. पण ती केवळ स्वतःचाच भार वाहते. घंटेचा भार लोखंडी कडीने तुळईवर द्यावा लागतो.

जीर्णोद्धारात जुनी तुळई निघते, सिमेंटचा स्लॅब येतो. गिलाव्यात मागाहून ठोकलेला आकडा काही काळ धरतो, मग सैल होतो. म्हणून स्लॅब ओतण्यापूर्वीच आकडा सळयांवरून अडकवून घ्यावा. कडी झिजली की नाही, हे दरवर्षी यात्रेपूर्वी शिडी लावून पाहावे.

घंटेला हात पुरावा म्हणून बाप लेकराला उचलून धरतो. त्या वेळी लेकराच्या माथ्यावर मणभर धातू असतो. नक्षीकाम मागाहूनही होईल. आकड्याचे काम आधीच चोख व्हावे.