जनुकांचा नकाशा आणि योगायोग

व्हेनेझुएला देशांत मराकायबो नांवाचें एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या कांठच्या कोळ्यांच्या वस्त्यांत एक भयंकर रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. हंटिंग्टनचा रोग असें त्याचें नांव. चाळिशीच्या सुमारास हातपाय आपोआप हलूं लागतात, पुढें बुद्धीही भ्रमते, आणि पंधरा-वीस वर्षांत रोगी दगावतो. आईबापांपैकीं एकास हा रोग असल्यास प्रत्येक मुलाला तो होण्याचा संभव निम्मा. पण रोग उघड होईतों त्या मुलाचें लग्न होऊन त्यालाही बहुधा मुलेंबाळें झालेलीं असतात!

रोगास कारण होणारें जनुक गुणसूत्रांच्या तेवीस जोड्यांपैकीं कोणत्या जोडीवर आहे, हें सूक्ष्मदर्शकांतून दिसत नाहीं. तें संख्याशास्त्रानें हुडकावें लागलें. एकाच गुणसूत्रावर अगदीं शेजारीं असलेलीं दोन जनुकें बहुधा जोडीनेंच संततींत उतरतात; दूरचीं वारंवार फारकत घेतात. या तत्त्वावर जे. बी. एस. हॉल्डेन आणि ज्युलिया बेल यांनीं १९३७ सालीं रंगांधळेपणा व हिमोफिलिया यांच्या जनुकांचा शेजार मोजला. (हेच हॉल्डेन १९५७ सालीं कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्यें आले, आणि भारतीय नागरिक होऊन येथेंच वारले.)

हें शास्त्र शिकणारा प्रथम फसतो तो योगायोगानें. श्रोत्यांनीं एक नाणें दहा वेळां उडवून पाहावें. दहाही वेळां छापा पडण्याचा संभव १०२४ त एक. त्याचप्रमाणें, एखाद्या रक्तचिन्हाचा रोगाशीं कांहीं संबंध नसतां दहाही मुलांत दोहोंची सांगड अबाधित राहण्याचा संभव तितकाच. अशी सांगड राहिली तर शेजाराच्या बाजूनें १०२४ चा पुरावा मिळाला. पण एकाच मुलांत ती मोडली, कीं तो पुरावा सुमारें चाळीसवर घसरतो!

१९५५ सालीं न्यूटन मॉर्टन यांनीं दंडक घातला, कीं हजारास एक, म्हणजे लॉगरिथममध्यें ३, इतका पुरावा जमल्यावांचून शेजार मान्य करूं नये. हा दंडक कोणास जाचक वाटेल. परंतु सहज उचललेलीं दोन जनुकें शेजारीं निघण्याचा संभव मुळांतच पन्नासांत एकाच्या आसपास असतो. तेव्हां हजाराचा पुरावाही वजावाट होऊन विसावर येतो. शिवाय फळमाशीला शेंकडों पिलें होतात, माणसाला तीन-चार. लॉगरिथमची सोय अशी, कीं निरनिराळ्या कुटुंबांचे आंकडे सरळ मिळवितां येतात.

नॅन्सी वेक्सलर या विदुषीची आई याच रोगानें वारली होती. १९७९ सालापासून त्या मराकायबोच्या कांठीं जाऊन वंशावळी लिहूं लागल्या व पुढें रक्ताचे नमुने गोळा करूं लागल्या. जेम्स गुसेला यांनीं ते तपासले. एका अमेरिकन कुटुंबाचा आंकडा १.८१ भरला, म्हणजे अपुरा. मराकायबोच्या कुटुंबाचा ६.७२. बेरीज ८.५३! १९८३ सालीं रोगाचें स्थान चवथ्या गुणसूत्रावर निश्चित झालें.

खुद्द जनुक हातीं लागण्यास मात्र १९९३ साल उजाडलें. आतां तरुणपणींच तपासणी करतां येते. रोग समूळ बरा करणारें औषध अद्याप नाहीं. आणि ज्यांच्या घराण्यांत तो आहे, त्यांपैकीं बहुसंख्य लोक ती तपासणी करून घेत नाहींत.