बेसचा नॉब आधी मधोमध आणा

बेस गिटार वाजवणारी मंडळी मला कुठेही भेटली की एकच प्रश्न विचारतात. कुणी कल्याणच्या वाद्यवृंदातला असतो, कुणी वसईच्या चर्चमध्ये वाजवणारा, कुणी मडगावच्या लग्नाच्या बँडमधला. प्रश्न मात्र ठरलेला: ‘माझा बेस पॅसिव्ह आहे. आत प्रीअँप बसवून अ‍ॅक्टिव्ह करून घेऊ का? आणि कुठला घेऊ?’ पिकअप, पॉट आणि जॅक तुम्हाला माहीत आहेत असं धरून मी उत्तर देतो. माहीत नसतील तर आज घरी गेल्यावर पेचकस घेऊन बेसचं झाकण उघडा आणि एकदा आत बघून घ्या.

प्रीअँप दोन कामं करतो. पिकअपमधून निघणारा सिग्नल नाजूक असतो. लांब केबलमधून जाताना त्याच्यातले वरचे, चमकदार उपस्वर गळतात. बॅटरीवर चालणारा प्रीअँप तो सिग्नल दणकट करून बाहेर पाठवतो, म्हणून केबल लांब असली तरी फारसं बिघडत नाही. दुसरं काम बेस, मीड आणि ट्रेबल वाढवण्याचं किंवा कमी करण्याचं. पॅसिव्ह बेसवरचा टोन नॉब फक्त ट्रेबल कापतो, त्याला वाढवता काहीच येत नाही. प्रीअँपला वाढवता येतं. आणि सगळा घोटाळा तिथेच सुरू होतो, त्याच्याकडे येतोच आहे.

प्रीअँपला तिसरं काम नाही. मेलेल्या तारा तो जिवंत करत नाही. हलका पिकअप चांगला करत नाही. पिकअपमध्ये गुणगुण असेल तर ती सिग्नलबरोबर मोठी करून देतो. त्यामुळे कुठला प्रीअँप घेऊ असं विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, तारा कधी बदलल्या? बहुतेकांना आठवत नाही. काही हुशार मुलं लगेच जेम्स जेमर्सनचं नाव पुढे करतात: मोटाउन कंपनीचा एवढा मोठा बेसवादक, तो कुठे तारा बदलायचा? खरं आहे, नव्हता बदलत. त्याच्या १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बेसमध्ये बॅटरीसुद्धा नव्हती. म्हणजे त्याचं उदाहरण घ्यायचं तर प्रीअँपचा विषयच मिटला! बाळांनो, तारा न बदलण्याचा हक्क जेमर्सनसारखं वाजवायला लागल्यावर मिळतो. तोवर बदला.

पॅसिव्ह म्हणजे कमी दर्जाचा, हेही डोक्यातून काढा. फेंडरचा प्रिसिजन १९५१ मध्ये आला, तो पॅसिव्ह. १९६० चा जॅझ बेस, तोही पॅसिव्ह. कारखान्यात मोठ्या संख्येनं तयार झालेला पहिला अ‍ॅक्टिव्ह बेस म्हणून म्युझिक मॅनच्या स्टिंगरेचं नाव घेतात, तो १९७६ चा. मधली पंचवीस वर्षं लोक काही मुक्यानं वाजवत नव्हते.

आता निवड. दोन पट्ट्यांचा प्रीअँप म्हणजे बेस आणि ट्रेबल, तीन पट्ट्यांचा म्हणजे मधे मीडही. बँडमध्ये वाजवत असाल तर तीन पट्ट्यांचा घ्या, कारण गर्दीत बेस ऐकू येतो तो मीडमुळे. मीड कुठल्या कंपनसंख्येवर काम करतो ते बघा. अ‍ॅग्विलारच्या ओबीपी-३ मध्ये तो ४०० हर्ट्झवर ठेवायचा की ८०० वर, हे निवडता येतं. ४०० ला भरदारपणा येतो, ८०० ला गुरगुर येते आणि बोट पडलेलं स्पष्ट कळतं. सॅडॉस्कीच्या पद्धतीच्या प्रीअँपमध्ये बेस आणि ट्रेबल फक्त वाढतात, कमी होत नाहीत. अशा प्रीअँपमध्ये नॉब मधोमध म्हणजे तटस्थ नव्हे. तिथे तटस्थ म्हणजे पूर्ण मागे. विकत घेताना हे विचारून घ्या. अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह स्विच असलेला मिळाला तर उत्तम, भर कार्यक्रमात बॅटरी गेली तर तोच वाचवतो. बेसच्या पोटात बॅटरीला जागा आहे का, ते पैसे देण्याआधी मोजा. दोन बॅटऱ्या जोडून अठरा व्होल्ट दिल्यानं आवाज मोठा होत नाही, फक्त जोरात वाजवलं तर फाटायला उशीर लागतो. आणि नऊ व्होल्टचा प्रीअँप अठरा सोसतो की नाही, हे निर्मात्याच्या कागदावर वाचल्याशिवाय तो उद्योग करू नका.

आता ज्यासाठी मी खरं म्हणजे आज इथे आलो, ते. बेसचा नॉब पूर्ण फिरवू नका. प्रीअँप बसवला की पहिल्या दिवशी हात तिकडेच जातो. नॉब म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नव्हे, पाचवर नेऊन सोडून द्यायला.

का फिरवू नका, तेही ऐका. तुमच्या जाड ई तारेची कंपनसंख्या ४१ हर्ट्झच्या आसपास. पाच तारांचा बेस असेल तर बी तार ३१ च्या जवळ. घरातल्या आठ इंची स्पीकरच्या छोट्या अँपला हे स्वर पुरते काढताच येत नाहीत. शिवाय हळू आवाजात आपल्या कानालाही खालचे स्वर कमी ऐकू येतात. मग घरी वाटतं, बेस कमी आहे. वाढव. अजून वाढव. नॉब संपतो. तोच बेस घेऊन तुम्ही गणपतीच्या मांडवात जाता. तिथे अठरा इंची स्पीकर असतात, त्यांना ४० हर्ट्झ काढता येतात आणि ते काढतातही. किक ड्रम, ढोलकीचा घुमारा आणि तुमचा बेस एकाच चिखलात. गायकाला सूर सापडत नाही. आणि शिव्या कुणाला? साउंडवाल्याला! तो बिचारा तिकडून बेस कापतो, तुम्ही इकडून वाढवता, रात्रभर हेच चालतं.

आकड्यात सांगतो. १२ डेसिबल वाढवले की त्या पट्ट्यातला व्होल्टेज चौपट होतो आणि अँपकडे मागितलेली शक्ती सोळापट. प्रीअँपच्या पोटात नऊच व्होल्ट आहेत. अंगठ्यानं स्लॅप मारलात की सिग्नल त्या भिंतीवर आदळतो आणि आवाज फाटतो. मग तुम्ही माझ्याकडे येता, प्रीअँप खराब निघाला म्हणून. प्रीअँप खराब नसतो हो! नॉब खराब जागी असतो.

मग जुळणी कशी करायची? वाढ-घट दोन्ही करणाऱ्या प्रीअँपचे तिन्ही नॉब मधल्या खटक्यावर आणा. अँपचेही मधोमध. व्होल्यूम पूर्ण. आता बँडबरोबर वाजवा, एकट्यानं खोलीत नाही. आवाज घुमतोय? बेस थोडा कमी करा. ऐकू येत नाही? बेस वाढवू नका, परत सांगतो, वाढवू नका, मीड वाढवा, तोही थोडा. सळसळ येते, फ्रेटची खडखड ऐकू येते? ट्रेबल उतरवा. बेस वाढवायचाच असेल तर खटक्यापासून घड्याळाचा एक तास पुढे, आणि ते हॉलमध्ये मागच्या खुर्च्यांपाशी उभं राहून, दुसऱ्याला वाजवायला लावून ठरवा. काही प्रीअँपच्या आतल्या पाटीवर गेनचा छोटा पेच असतो. बेस पॅसिव्ह आणि अ‍ॅक्टिव्ह दोन्हीकडे सारखाच मोठा वाजेल इतका तो पेच फिरवा आणि मग विसरून जा. अँपला अ‍ॅक्टिव्हसाठी वेगळा जॅक असेल तर तो वापरा.

बॅटरीचं एका दमात सांगतो. केबल जॅकमध्ये घातली की बॅटरी चालू होते, वाजवत असा वा नसा. वाजवून झालं की केबल काढा, पण आधी अँपचा आवाज खाली करा, नाहीतर स्पीकरला दणका बसेल. बॅटरी अल्कलाइन घाला. स्वस्त बॅटरी गळते आणि पितळी टोकं खाऊन टाकते. मल्टिमीटरवर साडेसात व्होल्टच्या खाली दिसली की बदला. आवाज फाटतोय अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी आधी ही एक गोष्ट करून यावं, माझाही वेळ वाचेल.

तेव्हा आता करायचं काय, तर नव्या तारा लावा, पिकअपची उंची नीट करून घ्या आणि महिनाभर आहे त्याच बेसवर बँडबरोबर वाजवा. तरीही काही कमी वाटलं तर ते नेमकं कशात, बेसमध्ये, मीडमध्ये की ट्रेबलमध्ये, हे कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन दुकानात जा. ज्याला ते लिहिता येत नाही, त्यानं प्रीअँप घेऊ नये.